नकाशा हातात आहे तोवर

वाचकांचे प्रश्न : घर, नकाशा, परवानगी

गेल्या अंकात गच्चीवरच्या सोलरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली सात पत्रं ‘कुठल्या कंपनीचं घेऊ’ असं विचारणारी आहेत. त्यांना उत्तर नाही. मी पॅनल विकत नाही आणि बसवतही नाही. एकतीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नगरपरिषदांच्या बांधकाम विभागांत नकाशे तपासले, आता मालवणात घरी असते. तेव्हा माझं बोलणं नकाशाच्या बाजूनेच होणार. उरलेल्यांतली सहा पत्रं घेतली आहेत.

ताई, आमच्या घराचा जोता झाला आहे, स्लॅब डिसेंबरात टाकायचा आहे. सोलर आत्ता झेपणार नाही. कर्जाच्या हप्त्यांतून मान वर निघाली की चार-पाच वर्षांनी बघू. पण तेव्हा तोडफोड नको. आत्ताच काय करून ठेवावं?
— शिक्षक जोडपं, कुडाळ

आधी माझी चूक सांगते.

२००९ साली माझं स्वतःचं घर होत होतं. स्लॅबच्या दिवशी गवंड्याने वरून हाक मारून विचारलं, “बाईनू, टाकी खंय ठेवूची?” मी ऑफिसच्या फोनवर होते. “जिन्याच्या डोक्यावर ठेव,” म्हटलं आणि पुन्हा फोनला लागले. जिना दक्षिणेला. लोकांच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नसला की लाल शाईने शेरा मारणारी मी, पण स्वतःच्या नकाशावरच्या बाणाकडे बघितलंच नाही.

पॅनल बसवायची वेळ आली २०२१ मध्ये. जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून गच्चीपासून साडेतीन मीटर उंच. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, डोक्यावर येत नाही. त्या दिवसांत माझ्या टाकीची सावली ऐन दुपारी जवळजवळ तीन मीटर पडते आणि साडेतीनच्या सुमाराला पावणेसहा मीटर, ईशान्येकडे तिरकी. गच्ची आहे नऊ मीटरची. पॅनल एकमेकांना साखळीने जोडलेले असतात. एकावर सावली आली की सगळी ओळ मंदावते, जत्रेच्या गर्दीत एक म्हातारं माणूस पुढे असलं की मागचे सगळे त्याच्या चालीने चालतात तशी. तीन किलोवॅटची माझी गच्ची दोनवर आली. पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या आजच्या हिशोबाने दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीनला ७८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे त्या एका वाक्याची किंमत तुम्हीच काढा. अनुदान सोडा, दर वर्षी तेराशेच्या आसपास युनिट हुकतात ते वेगळेच.

तर पहिलं काम : टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेकडे सरकवा. स्लॅबच्या आधी हा बदल पेन्सिलीने होतो. नकाशा मंजूर झाला असला तरी आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा दाखल करून घ्या, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी, घेताना उगाच अडकायला नको.

दुसरं काम लोखंडाचं. आपल्याकडे गच्चीवर कॉलमचे गज फूटभर वर सोडायची पद्धत आहे. मुलगा मुंबईहून येईल, वरचा मजला चढवेल, अशी आशा त्या गजांत असते. मुलगा येत नाही, गज गंजतात आणि त्या वाटेने पाणी कॉलममध्ये उतरतं. तुम्ही काय करा, मजला चढवायचा नसेल तर त्याच कॉलमवर स्लॅबबरोबर फूट-सव्वा फुटाचे पेडेस्टल, म्हणजे बुटके खांब, ओतून घ्या, आत स्टेनलेसचे बोल्ट पुरून. वर ग्रीस लावून टोप्या घाला. पुढे पॅनलची चौकट थेट त्या बोल्टांवर बसेल. हे केलं नाही तर चार वर्षांनी कोणीतरी ड्रिल घेऊन येईल, वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला चोवीस भोकं पाडेल, आणि जूनमध्ये तुम्ही खाली बादल्या लावाल.

बोल्टांचा एवढा आग्रह वाऱ्यासाठी आहे. आजचं एक मोठं पॅनल अडीच चौरस मीटरचं, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. ताशी १२० किलोमीटरचा झोत आला तर वारा ते दीडशे किलोच्या वर जोराने उचलू बघतो. नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून पॅनल उभं करणाऱ्याला हे गणित घाला आणि त्याचं तोंड बघा. खाली दाबणारं वजन त्या मानाने किरकोळ, चौरस मीटरला पंधरा-वीस किलो, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कानावर घालाच.

बाकीची कामं पटकन सांगते. गच्चीपासून मीटरपर्यंत २५ मिलिमीटरचे दोन पाइप भिंतीतून उतरवून ठेवा, आत ओढायला तार सोडून. मीटरच्या बोर्डाशेजारी दोन फूट भिंत मोकळी ठेवा, तिथे नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) आणि स्विच येतील. अर्थिंगचे खड्डे जोत्याची भरणी बाकी असेल तर आत्ताच घ्या. सोलरला तीन वेगवेगळे लागतात, त्यातला एक वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळीचा. जांभ्यात अर्थिंग सहज मिळत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, म्हणून खोल घ्या. आणि गच्चीवर जायला नीट जिना करा. शिडीवरून चढून पॅनल धुणारी बाई-माणसं मी फार दिवस टिकलेली पाहिली नाहीत, आणि आपल्याकडे खारं वारं काचेवर मिठाचा थर धरतं तेव्हा धुवावं तर लागतंच.

बाई, नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो. खिडक्या चांगल्या मोठ्या आहेत, तरी बेडरूममध्ये रात्री जीव घुसमटतो. शेवटी एसी घेतला, आता बिल बघवत नाही. सासूबाई म्हणतात, गावच्या कौलारू घरात पंखासुद्धा नव्हता. चूक कुठे झाली?
— गृहिणी, वेंगुर्ला

सासूबाई बरोबर आहेत, थोडं जास्त सांगत असतील एवढंच.

तुमच्या खिडकीजवळ जा आणि ती उघडा. सरकती असणार. पाच बाय चारची म्हणजे वीस चौरस फुटांची खिडकी, दोन तावदानांची. एक तावदान दुसऱ्यामागे गेलं की उघडी राहते दहा फूट. वाऱ्याला तुमच्या खिडकीचा निम्माच भाग मिळतो. बिल्डरने माहितीपत्रकात वीस मोजले, वारा दहा मोजतो.

केंद्र सरकारची घरांसाठीची ऊर्जासंहिता आहे, ‘इको निवास संहिता’, २०१८ ची. तिच्यात आपल्यासारख्या उष्ण-दमट पट्ट्यासाठी सांगितलं आहे की *उघडणारा* भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के हवा. म्हणजे सहावा हिस्सा. कोरड्या गरम प्रदेशाला दहा टक्के पुरतात, आपल्याला नाहीत, कारण आपला त्रास घामाचा आहे आणि घाम वाऱ्यानेच वाळतो. तुमची खोली १२० चौरस फुटांची असेल तर उघडी वीस फूट पाहिजे. तुम्हाला मिळाली दहा. सरकत्या तावदानांऐवजी बिजागरीची, बाहेर उघडणारी तावदानं बसवली तर तीच चौकट पुरी वीस देते. सोसायटीची परवानगी घ्या आणि आधी फक्त बेडरूमची बदलून बघा. पण वाऱ्यात आपटणार नाहीत असे अडसर पाहिजेत, नाहीतर पहिल्याच वादळात काच खाली.

दुसरी गोष्ट, वारा आत आला तर बाहेर जायला वाट हवी. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते परीक्षेपुरतं. दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. तुमच्या बेडरूमला पश्चिमेलाच खिडकी असेल आणि दार बंद करून झोपत असाल तर रात्रीचा मतलई वारा पूर्वेच्या भिंतीला टेकून परत जातो. दारावर झरोका करता येतो का बघा. जुन्या घरांच्या दारांवर लाकडी जाळी असायची ती शोभेची नव्हती.

आणि पश्चिमेची भिंत. दुपारभर ती ऊन पिते आणि रात्री दहाला तुमच्या अंगावर सोडते. जुन्या घरात तिथे पडवी असायची, ऊन पडवी खायची. फ्लॅटमध्ये पडवी नाही. बाहेरून बांबूचा पडदा सोडा. आतून पडदा लावून फारसा फरक पडत नाही, ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं.

आमची सोळा फ्लॅटची सोसायटी. गच्ची गळते म्हणून पत्र्याची शेड घालायचं ठरलं. दोन सभासद म्हणतात सोलर बसवू, सेक्रेटरी म्हणतात आधी शेड. भांडण आहे. निकाल द्या.
— सोसायटीचे खजिनदार, रत्नागिरी

निकाल असा, की दोन्ही बाजू एकाच पत्र्याबद्दल भांडत आहेत.

कोकणात चपट्या स्लॅबवर पत्रा चढणारच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्याला उतार नसलेलं छप्पर आपण घाटावरून आणलं आणि पंधरा वर्षांनी त्याच्यावर दुसरं छप्पर घालतो. मी तर म्हणते, गच्चीवरची शेड म्हणजे कौलारू घराचा माळाच परत आला. वरच्या मजल्यावरचे सभासद सांगतील, शेड झाल्यावर घर दोन-तीन पंख्यांनी गार होतं. मग ती शेड पॅनलसाठीच आखून घाला.

फॅब्रिकेटरला सोडलंत तर तो दुपाखी शेड घालेल, पूर्व-पश्चिम उतार, कारण त्याचे पाइप तसे कापायला सोपे. त्याला सांगा, एकच उतार, दक्षिणेकडे, दहा ते पंधरा अंश. उत्तरेची बाजू उंच राहील, तिथून गरम हवा निघून जाईल. पर्लिनचं, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचं, अंतर पॅनलच्या मापाने घ्या. पॅनलच्या दोन ओळींत चालायला वाट सोडा, पत्र्यावरून कोणी चालू नये. लोखंड गरम झिंकमध्ये बुडवलेलं, नुसता रेड ऑक्साइड मारलेलं नको. बोल्ट स्टेनलेसचे, तेही समुद्राच्या हवेला टिकणाऱ्या ३१६ प्रतीचे. पॅनल घेताना खाऱ्या धुक्याची चाचणी, ‘आयईसी ६१७०१’, झाल्याचं पत्र मागा. समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहून हे मागायला लाजू नका.

शेडचा नकाशा नगरपरिषदेकडे द्या. उघडी शेड आणि बंद शेड यांत आमच्या खात्याने आयुष्यभर भांडणं पाहिली. चारी बाजूंनी पत्रा मारलात की ती शेड राहत नाही, मजला होतो, आणि मग एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्या प्रमाणाचा, प्रश्न येतो. कपडे वाळत घालायला म्हणून सुरू होतं, पुढे कॅरम बोर्ड येतो आणि एक दिवस आत पलंग सापडतो.

जिना, पंप, लिफ्ट, आवारातले दिवे या सामायिक विजेसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. खजिनदार तुम्ही आहात, पुढचं गणित तुमचं.

निसर्ग वादळात आमच्याकडे तीन आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी भावाने सोलर बसवलं, म्हणाला आता चिंता नाही. तौक्तेच्या वेळी लाइन गेली तर त्याच्याकडेही अंधार! फसवणूक झाली का?
— मच्छी व्यावसायिक, हर्णै

फसवणूक नाही, पण सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं.

नेट मीटरवाली साधी यंत्रणा लाइन गेली की आपोआप बंद पडते आणि ती तशी पडलीच पाहिजे. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या भावाच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर काय होईल, याचा विचार करा. ३ जून २०२० ला निसर्गानंतर ही माणसं दिवसचे दिवस खांबांवर होती.

अंधारात वीज हवी असेल तर लाइन नसतानाही चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते आणि ती महाग पडते. सगळं घर त्याच्यावर घेऊ नका. घराची वायरिंग होताना एक वेगळी सर्किट काढून ठेवावी, दोन पंखे, चार दिवे, फोन, वायफाय, जमलं तर फ्रीज. विहिरीचा पंप त्याच्यावर घालण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारा. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना पाऊण किलोवॅटच्या वर खातो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. मच्छीसाठी बर्फाची पेटी चालवायची असेल तर हिशोब निराळा, तो धंद्याच्या मीटरवर करा.

पावसाळ्यात सोलर चालतं का, असंही तुम्ही मागच्या पानावर विचारलंय. चालतं, पण जुलैत निम्म्यावर येतं. एप्रिल-मेमध्ये जास्त झालेली युनिट खात्यावर जमा राहतात आणि पावसाळ्यात वापरता येतात. हिशोब ३१ मार्चला मिटतो, म्हणून आपल्या पट्ट्याला ही सोय बरी जुळते.

मॅडम, मी नगरपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आले. आमच्या गावाचा विकास आराखडा येतो आहे. सोलर, कमी विजेची घरं, हे गावात यावं असं वाटतं. नियम करता येईल का? की फक्त भाषण?
— नगरसेविका, सिंधुदुर्ग

तुम्हाला ताई म्हणू की मॅडम, मलाच कळत नाही. माझ्या काळात नगरसेवक टिपण वाचायचेसुद्धा नाहीत, तुम्ही नियम विचारता आहात, तेव्हा सविस्तर लिहिते.

नियम तुमच्या सभागृहात होत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, आपण जिला यूडीसीपीआर म्हणतो, ती लागू आहे. बदल हवा तर ठराव करायचा, नगररचना कायद्याच्या कलम ३७ च्या वाटेने तो शासनाकडे जातो. ती वाट लांब. पण नियमावलीत जे आधीच आहे ते तरी गावात उतरतं का, हे बघणं तुमच्या हातात आहे.

उदाहरणार्थ, हॉटेल, लॉज, हॉस्पिटल, वसतिगृह अशा इमारतींना सोलर हीटरचं कलम आहे, तसं ते जुन्या नियमांतही होतं. एका गावात, नाव नको, एका लॉजच्या भोगवटा प्रमाणपत्रासाठी मी तपासणीला गेले होते. गच्चीवर हीटर चकचकीत, फोटो फाइलला जोडलेला. एप्रिलमधली दुपारची एकची वेळ. मी सहज खाली उतरणाऱ्या पाइपवर हात ठेवला. गार. मालक म्हणाला, “मॅडम, सकाळी पाणी वापरून संपलं.” लॉज अजून सुरूच झाला नव्हता! पाइपच्या मागे वाकून पाहिलं तर तो फूटभर खाली जाऊन बुच मारून बंद केलेला. माझा शेरा गेला, जोडणी झाली, प्रमाणपत्र मिळालं. पण मी हात ठेवला नसता तर? फोटोवर सही करणारे माझे सहकारी होतेच. तुम्ही एवढंच करा, सभेत विचारा की गेल्या वर्षी भोगवटा दिलेल्या किती इमारतींत हीटर प्रत्यक्ष तपासले. उत्तर लेखी मागा.

याच नियमावलीत हरित इमारतीला जादा एफएसआय आहे, मानांकनाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के. मोठ्या शहरात बिल्डर त्याच्या मागे धावतो. आपल्या गावात दोन मजली घर बांधणाऱ्याचा मूळ एफएसआयच संपत नाही, जादाचं आमिष त्याला काय करायचंय? शिवाय मानांकनाचा खर्च. म्हणून भाषणात या टक्क्यांवर जोर देऊ नका, लोक हसतील. आपल्या लोकांना कळणारी भाषा घरपट्टीची. पुणे महानगरपालिका सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यांतलं एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते. तुमच्या नगरपंचायतीला किती परवडेल ते मुख्याधिकाऱ्यांशी बसून काढा. पण सूट दर वर्षी तपासून द्या, एकदा दिली की जन्माची नको.

आता आराखडा. प्रारूप प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात. लोक फक्त आपल्या जमिनीवर आरक्षण पडलं का बघायला येतात. तुम्ही भूखंडांची दिशा बघा. आपल्या किनाऱ्यावर जुनी आगरं रस्त्यापासून समुद्राकडे लांबट पट्ट्यांत गेलेली, म्हणजे पूर्व-पश्चिम. त्यात घर लांबट घातलं की लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात, दुपारचं ऊन फक्त आखूड भिंतीला लागतं. नवीन लेआउट पाडताना सर्व्हेअर जास्तीत जास्त प्लॉट कसे बसतील ते बघतो, दिशा बघत नाही. जिथे उताराला आणि रस्त्याला जमेल तिथे प्लॉटची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, अशी सूचना लिहून द्या. दिशा एकदा चुकली की शंभर वर्षं चुकते, कारण घरं पडतात पण हद्दी हलत नाहीत.

आणि सगळ्यात स्वस्त काम, ज्याला शासनाचा कागद लागत नाही. परवानगीच्या अर्जाबरोबर द्यायच्या नकाशावर गच्चीचाही नकाशा मागा. टाकी कुठे, जिना कुठे, सोलरसाठी मोकळा ठेवलेला तुकडा तुटक रेषेने दाखवलेला, पाइप कुठून उतरणार. बाजूच्या तक्त्यात प्रत्येक खोलीचं उघडणारं खिडकीचं क्षेत्र, पूर्ण खिडकीचं नव्हे. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी केंद्राने २०१७ मध्ये जी ऊर्जासंहिता आणली तिच्यात अशी तरतूद होती : पाव गच्ची, किंवा इमारतीच्या वीजभाराच्या एक टक्का वीज निघेल एवढी जागा, यांतलं जे कमी ते सोलरसाठी मोकळं आणि सावलीविना ठेवायचं. घरांना तेवढी सक्ती करता येणार नाही, आणि या कारणाने कोणाची परवानगी अडवायची तर मुळीच नाही. अडवलीत की त्यातून काय उगवतं ते मी पाहिलं आहे. फक्त विचारायचं. माझा अनुभव असा, की कागदावर रकाना असला की आर्किटेक्ट तो भरतो, आणि भरताना टाकी उत्तरेला सरकते. जोता तपासणीला जाणारा अभियंता तोच कागद हातात घेऊन जाईल.

बार्सिलोना शहराने २००० साली नव्या इमारतींना गरम पाण्याचा ६० टक्के भाग सूर्याकडून घ्यायची सक्ती केली, त्याचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईल. जरूर वाचा. पण त्याआधी स्वतःच्या कार्यालयाच्या गच्चीवर जाऊन या. नगरपंचायतीची इमारत, शाळा, मच्छी मार्केटची शेड, पाण्याचं पंप हाउस. माझी वसुंधरा अभियानात अग्नी या घटकाखाली याला गुणही आहेत, म्हणजे मुख्याधिकारी नाही म्हणणार नाहीत. पंप हाउसचं वर्षाचं बिल मागवा आणि सभेत मोठ्याने वाचा.

शेजाऱ्याचे दोन माड माझ्या गच्चीवर सावली टाकतात. त्याला तोडायला सांगावं तर चार पिढ्यांचे संबंध आहेत. कायदा काय म्हणतो?
— निवृत्त बँक कर्मचारी, गुहागर

कायद्याने माड लगेच पडत नाही. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. आणि १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात वीस वर्षं उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क आहे तो इमारतीला येणाऱ्या उजेडाचा. कालच्या पॅनलसाठी तो घेऊन कोर्टात गेलात तर नातू निकाल ऐकेल.

शिवाय माड तुमच्या कुठल्या बाजूला आहेत ते पत्रात लिहिलेलंच नाही. उत्तरेला असतील तर पॅनलला जवळजवळ त्रास नाही. पूर्वेला असतील तर सकाळचे एक-दोन तास जातील, तेवढे सोडून द्या. दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला असतील तरच प्रश्न, आणि तेव्हाही झावळ्यांची सावली हलती असते, गच्चीच्या कुठल्यातरी कोपऱ्यात येत नसेल. सगळीकडेच येत असेल तर प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावता येतो. महाग पडतो, पण एकावरची सावली बाकीच्यांना ओढत नाही.

येत्या डिसेंबरात बावीस तारखेच्या आसपास सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन अशा तीन वेळा गच्चीवर जा आणि माडांची सावली खडूने आखा. मेमध्ये आखू नका. मेच्या सुरुवातीला आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली जाते, तेव्हा सगळ्यांचीच गच्ची चांगली दिसते. आखलेल्याचा फोटो, उत्तर कुठे ते दाखवून, मला पाठवा. शेजाऱ्यालाही वर बोलवा, त्याला दुसऱ्या टोकाला धरायला टेप द्या.